टिकलीवरचं पीठ

ट्यूब टायरला चिकटली होती. असं कधी होत नसे. मागचं चाक रात्रीतून बसलं म्हणून कालिंदीने रविवारी सकाळी सायकल मागील दारी उलटी उभी केली, दोन्ही लोखंडी पट्ट्या रिमच्या कडेत सारून टायर एका बाजूने उचकटला आणि आत बोटं घालून ट्यूब ओढायला लागली, तर ती नेहमीसारखी सुळकन येईना. थोडी आली आणि एका जागी हटून बसली. कालिंदीने जोर केला नाही. जोर केला की फाटते, आणि मग तिचा उपयोग बादलीची कडी बांधण्यापुरता. तिने टायर वाकवून आत अंगठा घातला आणि तव्याला लागलेलं घावन सोडवावं तशी ट्यूब हळूहळू सोडवून घेतली. जिथे चिकटली होती तिथे पांढुरक्या पापुद्र्याचा थर होता. नखाने खरवडला की सुटत होता आणि त्याला आंबूस वास येत होता. रबराचा वास तिच्या ओळखीचा, पंक्चरच्या सोल्यूशनचा तर लहानपणापासून लाडका. पण हा वास चाकातला नव्हता, स्वयंपाकघरातला होता. तिने पदराने तो थर पुसला. खाली एक टिकली होती आणि ती तिची नव्हती.

टिकली म्हणजे ट्यूबच्या भोकावर लावायचं रबराचं ठिगळ. बाजारपेठेतला दत्ताराम सायकलवाला त्याला पॅच म्हणतो, बाकीचं महाड ठिगळ म्हणतं, कालिंदीच्या माहेरी टिकली म्हणत. या सायकलचं एकही पंक्चर आजवर दत्तारामकडे गेलेलं नव्हतं. कालिंदीचे यजमान यज्ञेश्वर शेती सोसायट्यांचे सुपरवायझर होते, शिवथरच्या खोऱ्यात गावोगाव सायकलवरून हिंडायचे, आणि पंक्चर झालं की सायकल हातात धरून घरी यायचे. गल्लीतल्या चारुलताबाई कुंपणावरून बघून म्हणायच्या, "कालिंदीबाई, तुम्ही दुकान काढा, मी गल्ल्यावर बसते." कालिंदी हसायची आणि काचकागद घासत राहायची. तिला हे काम आवडायचं, लोकांपुढे कबूल करायची सोय नव्हती इतकंच. म्हणून ट्यूबवरची प्रत्येक टिकली तिच्या ओळखीची होती. वॉल्व्हजवळची लांबट टिकली बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीच्या खिळ्याची. तिच्या पलीकडची करवंदीच्या काट्याची, पावसाळा तोंडावर असताना घाईत लावलेली. दोन एकमेकींना खेटून होत्या, कारण एकाच काट्याने आरपार भोक पाडलं होतं आणि तिने आधी एकच शोधलं होतं. ही मात्र कुठली, कधीची, कोणाची?

तिने ट्यूबमध्ये वारा भरला आणि घमेल्यातल्या पाण्यात धरून फिरवली. बुडबुडे लगेच आले. ते नव्या टिकलीतून नव्हते, तिच्याच करवंदीच्या टिकलीची कड सुटली होती. परकी टिकली मात्र पाण्याखाली शांत बसली होती. कालिंदीने तिच्यावर बोट फिरवलं आणि तिचं बोट थांबलं. कड लागत नव्हती. टिकली गोल, लशीच्या बाटलीच्या बुचाएवढी, आणि तिची कड चहूबाजूंनी तासून इतकी पातळ केलेली होती की रबर कुठे संपलं आणि ट्यूब कुठे सुरू झाली ते बोटाला कळू नये. अशी कड दत्ताराम तासत नाही. पुऱ्या महाड तालुक्यात कोणी तासत असेल असं तिला वाटत नव्हतं. अशी टिकली लावणारी माणसं जगात दोनच. एक ती स्वतः, आणि दुसरे तिचे वडील अण्णा, पोलादपूरला. वडिलांशी ती तीन वर्षं बोललेली नव्हती.

ती धुण्याच्या दगडावर बसली. समोर उघडा पत्र्याचा डबा होता. डबा अण्णांचाच. ते देवीचे डॉक्टर, म्हणजे डॉक्टर नव्हेत, लस टोचणारे सरकारी नोकर, पण खेड्यात टोचणारा तो डॉक्टर. देवी काढणारा माणूस पंक्चरही काढतो, असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचे. पोलादपूर तालुक्यातली डोंगरकपारीतली गावं त्यांनी सरकारी सायकलवर पालथी घातली, आणि जिथे सायकल जात नसे तिथे ती खांद्यावर घेतली. मुलगा नव्हता. त्यामुळे सायकल उलटी केली की ट्यूब धरायला कालिंदी. गालाशी ट्यूब धर, वारा कुठे लागतो ते डोळे मिटून सांग, असं ते म्हणायचे, आणि ती गाल फिरवत फिरवत एकदम 'इथे!' म्हणायची. मग जांभळ्या पेन्सिलीची खूण. मग काचकागद. टिकलीची कड तासायला टोचायची जुनी, बोथट झालेली बारीक सुरी. मग सोल्यूशनचं बोट, फुंकर, थांबणं. थांबणं हेच त्यातलं खरं काम, असं अण्णांचं मत. लोक थांबत नाहीत म्हणून टिकल्या सुटतात. शेवटी वरून शंखजिऱ्याची भुकटी भुरभुरायची, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. शंखजिऱ्याला त्या घरात पीठ म्हणत. कालिंदीचं लग्न आणि अण्णांची निवृत्ती एकाच वर्षी झाली. सायकल सरकारजमा झाली आणि डबा त्यांनी कालिंदीच्या ट्रंकेत घातला. पट्ट्या, काचकागद, पेन्सिल, शंखजिऱ्याची डबी, सगळं. सुऱ्या दोन होत्या. एक तिला दिली, दुसरी ठेवून घेतली. सासरी आलेल्या बायकांनी रुखवतात तो डबा बघून नाकं मुरडली होती, आणि यज्ञेश्वरनी मात्र दुसऱ्याच दिवशी आपली पंक्चर झालेली सायकल आणून तिच्यापुढे उभी केली होती. त्या दिवशी आपला संसार बरा होणार असं तिला वाटलं, आणि तो झालाही.

तिचं आणि अण्णांचं बिनसलं ते आई गेल्यानंतर. आईच्या वर्षश्राद्धानंतर दिवाळीला ती पोलादपूरला गेली. स्वयंपाकाला एक बाई ठेवली आहे हे तिला पत्राने कळलं होतं. कापडे गावची बनुबाई, नवरा गेलेला, भाताची चार खाचरं दिराने घशात घातलेली. बरं झालं, अण्णांच्या पोटाची सोय झाली, असं कालिंदी सगळ्यांना सांगत होती. पण तिन्हीसांजा झाल्या तरी बाई घरी जाईना. आईच्या विळीवर नारळ खवत बसलेली. कालिंदी माजघरात गेली तर तिथे बनुबाईची वळकटी होती. कोपऱ्यात दडवलेली वगैरे नाही, अण्णांच्या गादीशेजारी भिंतीला नीट लावून ठेवलेली. अण्णा पडवीत बसून त्याच बारीक सुरीने पायाची नखं काढत होते. "ही इथे राहते?" कालिंदीने विचारलं. "राहते," ते म्हणाले. "मग मी या घराची पायरी पुन्हा चढणार नाही." अण्णांनी एक नख संपवलं, दुसरं हातात घेतलं आणि म्हणाले, "बरं." त्यांनी समजावलं असतं, चिडले असते, तुझ्या आईची शपथ म्हणाले असते, तर तिला भांडता आलं असतं. त्या 'बरं'ला कुठे धरायचं तेच तिला कळलं नाही. ती तशीच निघाली. महाडला आल्यावर यज्ञेश्वरना सांगितलं, यापुढे माझ्यासमोर त्यांचं नाव काढायचं नाही. आणि यज्ञेश्वरनी काढलं नाही.

तिला बनुबाई मुळात परकी नव्हती, हीच खरी बोच होती. लहानपणी ती अण्णांच्या सायकलच्या दांडीवर बसून कापड्याला गेलेली होती. देवीचा डॉक्टर आला म्हटल्यावर बायकांनी पोरं गवताच्या उडव्यांमागे दडवली होती, म्हातारे काठ्या घेऊन पारावर बसले होते. तेव्हा एका तरुण बाईने आपलं तान्हं पुढे केलं होतं, "माज्या पोराला आदी टोचा," म्हणून. मग बाकीच्या हळूहळू आल्या. अण्णा परतताना सायकलवर शीळ घालत होते. ती बाई म्हणजेच बनुबाई, हे कालिंदीला नंतर कळलं, आणि कळल्यावर बरं वाटायचं सोडून तिला त्या बाईचा आणखीच राग आला. राग कशाचा, ते तिने कधी नीट तपासलं नाही. आज ट्यूब मांडीवर घेऊन बसल्यावर मात्र ते आपोआप पुढे आलं. आईची जागा घेतली म्हणून नव्हे. आई पंक्चरच्या वेळी कधी जवळ यायचीच नाही, तिला तो वास सहन व्हायचा नाही. ती जागा कालिंदीची होती.

तर मग ही टिकली अण्णांची. म्हणजे यज्ञेश्वर पोलादपूरला गेले होते, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून घरी आले होते. कालिंदीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. नवऱ्याचा राग आला, स्पष्ट आणि सरळ राग, पण तो पुरता वर येण्याआधीच तिचं लक्ष बोटांच्या टोकांकडे गेलं. बोटांना तो पापुद्रा चिकटला होता. तिने चोळून पाहिला, वास घेतला आणि शेवटी कोणी बघत नाही असं बघून जिभेला लावला. तांदळाचं पीठ. पावसाचं पाणी टायरमध्ये शिरून त्याची खळ झाली होती आणि खळ वाळून ट्यूब चिकटली होती. अण्णा असं करणार नाहीत. ज्यांना डोळे बांधले तरी टिकली लावता येईल, ते शंखजिऱ्याऐवजी तांदळाचं पीठ लावतील? म्हणजे त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, किंवा हा हात त्यांचा नाही. यातलं काय खरं ठरलं तर आपल्याला बरं वाटेल, असा विचार ती करायला लागली आणि तिला दोन्हीतलं एकही नको होतं.

यज्ञेश्वर भाजीची पिशवी घेऊन मागच्याच दाराने आले. त्यांनी उलटी सायकल पाहिली, ट्यूब पाहिली आणि पिशवी सावकाश खाली ठेवली.

"पोलादपूरला कधी गेला होतात?" कालिंदीने विचारलं.

"कोण म्हणालं?"

"ट्यूब म्हणाली."

यज्ञेश्वर पायरीवर बसले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी प्रयत्नही केला नाही. "आषाढात पहिल्यांदा गेलो. मग श्रावणात, तेव्हाचं ते पंक्चर. मग जातोच अधूनमधून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू म्हणालीस नाव काढायचं नाही. मी नाव नाही काढलं. नुसता गेलो."

"शब्दाचा कीस काढू नका. काय झालंय अण्णांना?"

"अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. सोसायटीच्या मीटिंगला तिकडचा एकजण भेटला, त्याने सांगितलं. मी ठरवलं होतं, तुला सांगायचं. प्रत्येक वेळी घरी येईपर्यंत ठरलेलंच असायचं. मग तू पाण्याचा तांब्या पुढे करायचीस आणि..." त्यांनी हात हलवला. "माझं चुकलं."

"दिवाळीत मी अनारसे केले. डबा भाऊबीजेच्या आत संपला. मी म्हटलं, यांची भूक वाढली."

"निम्मे तिकडे नेले. अण्णांना चाववत नाहीत. बनुबाई दुधात कुस्करून देतात."

आपण केलेले अनारसे त्या बाईने कुस्करले, हे कालिंदीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. राग येईल म्हणून ती वाट पाहत होती, पण तो आला नाही. दूध पुरेसं घातलं असेल का, एवढंच मनात आलं. मग तिने विचारलं, "टिकली कोणी लावली?"

"बनुबाईंनी. सोल्यूशन आणि रबराचा तुकडा माझ्या सीटखालच्या पिशवीत होता. बाहेर पाऊस कोसळत होता. मी म्हटलं मी करतो, तर अण्णांनी डाव्या हाताने मला बाजूला हो म्हणून खूण केली. खुर्चीत बसून त्यांना दाखवत होते. ती सुरी काढायला लावली. बाईंनी आयुष्यात ट्यूब हातात धरली नव्हती, पण कड काय तासली! जरा पटकन करायला गेल्या की अण्णा हात वर करायचे. थांब म्हणून."

"बोलतात का ते?"

"धड शब्द फुटत नाही. एखादाच येतो, आणि तोही आपल्याला लागत नाही. बनुबाईंना लागतो."

"मग वरून तांदळाचं पीठ कोणाच्या डोक्यातून आलं?"

"ते अण्णांनीच सांगितलं," यज्ञेश्वर म्हणाले. "तेवढा शब्द मलासुद्धा स्वच्छ कळला. पीठ, पीठ म्हणत होते. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं त्यांची काही युक्ती असेल. बनुबाईंनी आतून तांदळाचं पीठ आणून लावलं. तर अण्णा मान हलवायला लागले. बाईंना वाटलं कमी पडलं, म्हणून त्यांनी आणखी लावलं. मग अण्णा रडायला लागले. झटक्यानंतर रडू लवकर येतं म्हणतात."

कालिंदीने ट्यूब मांडीवरून खाली ठेवली. डब्यात कोपऱ्यात शंखजिऱ्याची डबी होती. कधीकाळी तीत सुवासिक पावडर होती, आता झाकणावरचं चित्रही पुसलं होतं. तिने ती उचलली आणि नुसतीच हातात धरून राहिली. पीठ हा शब्द अण्णांचा नव्हता, तिचा होता. ती अगदी लहान, अजून नीट बोलायलाही न लागलेली, पोलादपूरच्या पडवीत अण्णांच्या गुडघ्याला टेकून उभी होती, आणि अण्णा ट्यूबवर पांढरी भुकटी चोळत होते. आई पोळीला लावते तशी. "अण्णा, पीठ लावलं? पोळी कलता?" असं ती म्हणाली होती, म्हणे. तिला स्वतःला आठवत नव्हतं, पण अण्णांनी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगितली होती की आता आठवत असल्यासारखीच झाली होती. त्या दिवसापासून त्या घरात शंखजिरं म्हणून कोणी म्हटलं नाही. अण्णांनी 'पीठ आण' म्हटलं की आई आतून ओरडायची, कुठलं, खायचं की सायकलचं? आई गेली. मग हे पीठ ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक श्रावणात भर पावसात 'पीठ, पीठ' म्हणत होतं, आणि दुसरं इथे महाडला बसून त्याचं नावही काढू देत नव्हतं. अण्णांचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. चूक झाली असेल तर ती ऐकणाऱ्यांची होती, आणि ज्याने ऐकायला हवं होतं ते माणूस तिथे नव्हतं.

"भात लावू का मी?" यज्ञेश्वरनी चाचरत विचारलं.

"नको," ती म्हणाली. "कालचं पिठलं आहे, ते गरम करून घ्या. मी येते जाऊन."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तुम्ही पुष्कळ वेळा गेलात."

पोलादपूरच्या एस.टी.त तिला खिडकीची जागा मिळाली. पिशवीत तिने आयत्या वेळी काय काय भरलं होतं, धुतलेलं पातळ, मेतकुटाची पुडी आणि ती डबी. डबी वरच होती, गाडी आदळली की झाकण वाजत होतं. बाहेर कापणी झालेली खाचरं, मळणीच्या खळ्यांवर माणसं, सावित्रीचं पाणी दगडांतून आडवंतिडवं पसरलेलं. पायरी चढणार नाही असं आपण म्हटलं होतं. त्याचं आता काय करायचं, यावर ती बराच वेळ विचार करत होती. माफी मागावी लागेल का, त्या बाईसमोर मागावी लागेल का, आणि अण्णांनी पुन्हा 'बरं' म्हटलं तर. मग तिच्या लक्षात आलं की 'बरं' म्हणायलासुद्धा आता त्यांना किती कष्ट पडतील, आणि तिने विचार करणं सोडून दिलं. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला पिशवी मांडीवरून खाली ठेवायला सुचवलं. तिने ठेवली नाही.

महाबळेश्वरकडे रस्ता फुटतो तिथून थोडं आत घर. अंगण सारवलेलं होतं. बनुबाई पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिने मान वर केली, सूप तसंच हातात राहिलं, आणि ती पदर सारखा करत भिंतीकडे सरकली. केस पांढरे झाले होते तिचे.

"ताय?" ती म्हणाली. "या गो ताय, या. डाक्तर, बगा तरी कोन आलंय." मग घाईघाईने, कोणी विचारलेलं नसताना, "मी मागल्या दारी जाते हां. तुमी बसा निवांत."

अण्णा खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला, दुसऱ्या कोणाचा आणून ठेवल्यासारखा. दाढी मात्र स्वच्छ केलेली, सदरा धुतलेला, खांद्यावर घडी घातलेला पंचा. त्यांनी कालिंदीकडे पाहिलं. तोंड एका बाजूने हललं, थांबलं, पुन्हा हललं. कालिंदी पायरी चढून वर आली आणि ती चढली हे तिला वर आल्यावरच कळलं. अण्णांचा डावा हात वर उठला आणि गळ्यातून, खूप लांबून यावा तसा शब्द आला.

"पी...ठ."

"हा, हा, आनते," अजून भिंतीशीच बसलेली बनुबाई तांदळाचं सूप बाजूला सारून उठलीच. आत वळता वळता कालिंदीला म्हणाली, "पावसाल्यापासना ह्योच एक सूर हाय बगा. सारका पीठ मागतात. आनून दिला तं हातान् लोटतात. भाकरी करून दिली तं नको, पेज दिली तं नको. काय हवा हाय तां मला मेलीला कललाच नाय अजून."

कालिंदीने पिशवीतून डबी काढली.

"बसा बनुबाई," ती म्हणाली. "पीठ मी आणलंय."